वरून आठवा मजला

१

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात हिंदुरावांचं ॲक्रिलिकचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची जागा, त्यात एक कटर, एक हीटर, शीटांची थप्पी आणि आनंदा. आनंदा बावीस वर्षं तिथे कामाला आहे आणि त्यातली दहा तरी चहा पिण्यात गेली, असं हिंदुराव प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. आनंदाही नाही म्हणत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की उरलेली बारा शेठचे जोक ऐकण्यात गेली.

दानपेट्या, डॉक्टरांच्या पाट्या, मिठाईच्या काउंटरची झाकणं, जे सांगाल ते तिथे बनतं. दुकानाचे नियम दोन. पहिला, नमुना आणा आणि अगदी तसाच माल घेऊन जा; वर एक पीस जास्त बनवून तो फळीवर ठेवायचा, पुढच्या वेळी माप घ्यायची कटकट नको. दुसरा नियम म्हणजे वस्तू कशाला पाहिजे ते विचारायचं नाही. पूर्वी हिंदुराव विचारायचे. एकदा एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो आपल्या कवळीच्या डबीची गोष्ट दुकान बंद होईपर्यंत सांगत बसला. तेव्हापासून विचारणं बंद.

शलाका मॅडमना मात्र न विचारताच सांगायची हौस होती. शिकलेल्या माणसांना असते. बदलापूरला राहायच्या, कुठल्याशा संस्थेत समुद्रावर काम करायच्या. समुद्र तिथून किती लांब, हे हिंदुरावांनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

"काका, असे बारा डबे हवेत," त्यांनी कागद पसरला. "आरपार दिसणारे. चारी बाजूंना ह्या फटी. बाहेरून रुंद, आत जाता जाता अरुंद."

"शीट किती जाड लावू? आत वजन कशाचं?"

"दिव्याचं."

२

मॅडमनी सांगितलं ते असं. लक्षद्वीपला समुद्रात प्रवाळ असतं, त्यात मासे राहतात. त्यांची पिल्लं अंड्यातून निघाली की उघड्या समुद्रात वाहत जातात. काही आठवड्यांनी जरा मोठी झाली की घर बघायला परत येतात. त्या दिवसांत रात्री दिवा दिसला की ती त्याच्याकडे धावतात. फटीतून आत शिरतात. आत आल्यावर मात्र चहूकडे लख्ख उजेड, आणि फट काही सापडत नाही.

"म्हणजे तीन नंबरचं पार्किंग," हिंदुराव म्हणाले. "गाडी आत जाते, बाहेर निघत नाही."

"तसंच समजा," मॅडम हसल्या.

"मोठे मासे नाही येत?"

"नाही. ज्यांना घर आहे ते कशाला येतील? ज्यांचं अजून ठरायचंय तीच येतात."

"आणि बारा कशाला?"

"काही डबे पाच मीटर खाली सोडायचे, काही पंधरा, काही तीस. प्रत्येक जातीला आपली पातळी आवडते. पाच मीटरला कितीही दिवा लावा, एक शेपूट दिसणार नाही. तोच डबा पंधराला न्या, गच्च भरतो. मग आम्ही तो वर ओढतो आणि मोजतो."

आनंदाने चहाचा कप खाली ठेवला. "आणि मॅडम, मध्येच दिवा विझला तर?"

मॅडम त्यालाही सविस्तर सांगू लागल्या. पण कप खाली ठेवून आनंदाने प्रश्न विचारला, हीच हिंदुरावांना एवढी मोठी बातमी वाटली की ते शेजारच्या गोपचंद शेठना हाक मारून सांगायला गेले. "साईं, आनंदाने चहा अर्धा ठेवला! पेपरात द्या!" परत आले तेव्हा मॅडमचं वाक्य संपत आलं होतं. "...म्हणून बॅटरी चांगली पाहिजे," एवढंच त्यांच्या कानावर आलं.

डबे वेळेवर गेले. तेरावा फळीवर राहिला.

३

दोन महिन्यांनी एक माणूस आला. साधा शर्ट, साधी पँट, चेहरा असा की रिक्षात शेजारी बसला तर उतरल्यावर आठवणार नाही. त्याने दुकानात शिरून फळीवरच्या तेराव्या डब्याकडे बोट दाखवलं.

"हाच. मोठा."

"किती मोठा?"

माणसाने दोन्ही हात पसरले. "फट बाहेरून एवढी." मग तो आडवा वळला, एक तळवा छातीशी धरला, दुसरा पाठीशी. "आतून एवढी. उंची माणसाच्या डोक्यावरून वीतभर."

आनंदा हिंदुरावांकडे बघू लागला. हिंदुरावांनी डोळे मोठे केले, म्हणजे विचारू नको. मनात त्यांनी हिशोब लावलाच. मॉलमध्ये भूलभुलैया असतो, आरशांचा. तसं काही असेल. नाहीतर सिरियलचं शूटिंग. आजकाल काहीही होतं.

"माल कुठे टाकायचा?"

"बदलापूर, सोनिवली. नवा टॉवर आहे, चौदा मजल्यांचा." माणसाने मान वर करून दुकानाच्या पत्र्याकडे पाहिलं, जणू तिकडे काही लिहिलं होतं. "वरून तिसरा मजला."

"वरून?" हिंदुराव हसले. "अहो, मजले वरून कोण मोजतं? तुम्ही काय विमानातून उतरता?"

माणूस हसला नाही. रागावलाही नाही. लहान मुलाने भलतंच विचारलं तर मोठी माणसं जशी थांबतात, तसा तो जरा थांबला.

"वरूनच मोजतात," तो म्हणाला.

४

डबा बाराव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये बसवला. भिंतीकडेने माणूस फिरेल एवढी जागा सोडून हॉल पुरा भरला. मधोमध दिवा. स्विच मात्र फ्लॅटच्या बाहेर, जिन्याजवळच्या भिंतीवर, आतून हात लागणार नाही असा. तसं कागदावर लिहिलं होतं, तसं केलं. दिवा लावून पाहिला तर हिंदुरावांना डोळ्यांत नुसतं टोचलं. आनंदा म्हणाला, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला उजेड आहे.

टॉवर जवळजवळ रिकामा होता. दोन-चार घरांत माणसं, बाकी कुलपं. जिना आणि लॉबी झाडायला सोनिवलीतल्याच गयाबाई येत.

"कोण राहतं हो बाराव्यावर?" हिंदुरावांनी त्यांना विचारलं.

"कोण नाय. आमची कोंबडी पन तितं चढत नाय," गयाबाई म्हणाल्या. "तुमी काय पिंजरा लावताव काय?"

"वाघ धरायचाय."

"मंग दोन लावा. एक माज्या मालकासाठी."

आठवड्याने तो माणूस पुन्हा दुकानात आला.

"तिसऱ्याला काही लागलं नाही," तो म्हणाला. "आता आठव्याला लावू."

वरून आठवा म्हणजे खालून सातवा, हे आनंदाने बोटांवर मोजून काढलं आणि उगीचच त्या बोटांकडे बघत राहिला. दोघांनी जाऊन डबा खोलला आणि पाच मजले खाली आणून बसवला, स्विच इथेही दाराबाहेर. घरी येताना रिक्षात 'लागलं नाही' हा शब्द हिंदुरावांना खटकत राहिला. गळाला लागतं तसं तो म्हणाला. मग त्यांनी स्वतःलाच समजावलं, की नव्या इमारतीत टाइल लागत नाही, नळ लागत नाही, रंग लागत नाही. माणूस तेच म्हणत असेल.

५

हिंदुराव अंबरनाथला राहतात. एक खोली, एक स्वयंपाकघर. खोलीत हिंदुराव, स्वयंपाकघरात मुलगा जितेश आणि सून स्वप्नाली. लग्नाला वर्ष झालं होतं. पहाटे पाण्याला उठलेले हिंदुराव स्वयंपाकघराच्या दारावर टकटक करून "तिकीट तपासणी!" असं ओरडायचे आणि आतून स्वप्नाली "पास आहे!" म्हणायची. हसायची, पण दर रविवारी दोघं फ्लॅट बघायला बाहेर पडायची. कुठे पाणी नव्हतं, कुठे रस्ता. एका ठिकाणी बेडरूममधून विजेचा खांब गेला होता. त्या रविवारी रात्री स्वप्नाली जेवली नव्हती. "आपल्याला कुठेच जागा नाही का हो बाबा?" एवढंच म्हणाली होती, आणि हिंदुरावांना त्यावर एकही जोक सुचला नव्हता.

ह्या रविवारी दोघं सकाळी दहाला निघाली. बाराच्या सुमाराला स्वप्नालीचा फोन आला.

"बाबा, सोनिवलीला आलोय. एक टॉवर आहे. काय छान आहे माहितीये? सातव्या मजल्यावर भर दुपारी दिवा लागलाय. शो फ्लॅट असणार."

हिंदुराव मटार सोलत होते. हातातली शेंग तशीच राहिली.

"तो शो फ्लॅट नाही. तिथे जाऊ नका."

"तुम्हाला काय माहीत?"

"अगं, मीच बनवलाय..." पुढे काय सांगायचं ते त्यांना कळेना. डबा बनवलाय? कशाचा डबा? पिंजरा? दिवसाउजेडी चारचौघांत बोलता येईल असं एकही वाक्य तयार होईना. "त्या दिव्यात काय छान आहे?"

"तुम्ही बघाच एकदा. घरासारखा आहे," ती म्हणाली. तिला दम लागला होता. "जिना चढतोच आहोत. हे तर केव्हाच पुढे गेले."

फोन कटला. नंतर लागेना. हिंदुरावांनी मटार पुरे सोलले. रेंज नसेल, असं ठरवलं. एक वाजता तसंच ठरवलं. दीड वाजता मटाराच्या सालांची पिशवी टाकायला म्हणून चपला घातल्या आणि पिशवी हातात घेऊनच बदलापूरच्या रिक्षात बसले.

६

लिफ्ट बंद होती. सात मजले चढायला हिंदुरावांना तीन ठिकाणी बसावं लागलं. जिन्यात आवाज म्हणून नव्हता. खाली गयाबाईंचा खराटा तेवढा वाजत होता, आणि वर चढावं तसा तोही बारीक होत गेला.

सातव्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. दाराबाहेर चपला काढलेल्या होत्या. नीट, जोडीजोडीने, एक बायकी, एक पुरुषी. हिंदुरावांनी मोजलं तर अकरा जोडपी. काहींवर धूळ बसली होती. सगळ्यात अलीकडे जितेशचे बूट, आणि त्यांना खेटून स्वप्नालीच्या मोती लावलेल्या चपला.

फ्लॅट बघायला येणारी माणसं चपला घालूनच फिरतात, हिंदुरावांच्या मनात आलं. चपला माणूस घरात शिरताना काढतो.

आत डबा होता. त्यांच्या हातचा. सांध्यांना एक बुडबुडा नव्हता, काम चोख होतं. दिवा लागलेला होता आणि गॅलरीतून दुपारचं ऊनही येत होतं, त्यामुळे ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं आरपार दिसत होतं. डब्यात कोणी नव्हतं. हिंदुराव बाहेरूनच पुरी फेरी मारून आले. स्वयंपाकघर पाहिलं, मोरी पाहिली. रिकामी. फटीतून आत जाऊन बघावं तर पोट आड येत होतं. आणि आत बघण्यासारखं होतं तरी काय?

त्यांनी फोन लावला. ह्या वेळी लगेच लागला.

"बाबा! बोला ना."

"कुठे आहात?"

"इथेच. हॉलमध्ये."

"कुठल्या हॉलमध्ये?"

"असं काय करता? तुम्ही समोरच उभे आहात की." ती हसली. "आत्ता पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतलीत."

पिशवी दुसऱ्या हातात होती. हिंदुरावांनी डब्याकडे पाहिलं. मग मुद्दाम पाठ फिरवली आणि दोन बोटं मागे धरली.

"किती?"

"दोन. बाबा, जोक पुरे."

त्यांनी पुन्हा वळून पाहिलं. उजेड, आणि उजेडापलीकडची भिंत. फोनमध्ये तिच्या मागे माणसं बोलत होती, पुष्कळ, सावकाश. "इथे फ्रिज येईल." "देव ह्या कोपऱ्यात." "पडदे निळेच घेऊ." घर बघताना नवी जोडपी बोलतात तशी.

"सूनबाई, बाहेर या. दोघंही."

"येतोच. दार कुठंय तेवढं बघतोय. हे त्या बाजूला बघतायत, मी ह्या बाजूला. आत्ता तर आत आलो."

"अगं, तीन वाजून गेले."

"काहीतरीच. बारा वाजलेत," स्वप्नाली म्हणाली. "बाबा, तुम्हीच या ना आत. इतकं छान आहे."

हिंदुरावांना छान काही दिसत नव्हतं. डोळे तेवढे चुरचुरत होते.

७

माणूस घाबरला की देवाला हाक मारतो. कारागीर घाबरला की सांधा बघतो. हिंदुरावांनी आपल्याच कामाकडे नीट पाहिलं. दिवा आत आहे. आत दिवा असला की ॲक्रिलिकच्या भिंती आतल्या बाजूने आरसा होतात. आरशात फट सापडत नाही. म्हणजे दिवा बंद केला की आरसा गेला, आणि फट उघडी. इतकं सोपं. ही पोरं कुठे आहेत, दिसत का नाहीत, ते मागाहून बघता येईल. आधी बाहेर तर येऊ देत.

"सूनबाई, मी दिवा बंद करतोय. जितेशचा हात धर. फट दिसली की आडवं होऊन निघा."

"नको ना बाबा," ती पहिल्यांदाच जरा घाईने बोलली. "बंद नका करू. मग..."

हिंदुरावांनी बाहेर जाऊन स्विच दाबला.

फोन गप्प झाला. कट झाला नव्हता, गप्प झाला. हॉलमध्ये दुपार होती, साधी, जराशी धुळीची. मग डब्याच्या फटीपाशी पाऊल वाजलं. अनवाणी पाऊल, नव्या टाइलवर चिकटून सुटतं तसं. त्यामागे दुसरं. मग पुष्कळ. ती दारातून बाहेर आली, चपलांना न शिवता. हिंदुरावांच्या मनगटाला ओढणीचं टोक लागून गेलं आणि कोपराशी बांगड्या वाजल्या. दिसलं कोणीच नाही.

पावलं जिना उतरू लागली.

सुटली, हिंदुरावांच्या मनात आलं. दिसत नाहीत तर नाहीत, सुटली तर खरी. त्यांना हसू आलं. "अरे सावकाश!" ते कठड्यावरून वाकून ओरडले. "सूनबाई, खाली थांबा, रिक्षा माझ्याकडून!"

पावलं घाईत नव्हती, पण थांबतही नव्हती. हिंदुराव मागोमाग निघाले. सहावा. पाचवा. चौथ्यावर त्यांचा गुडघा वळला, तरी ते थांबले नाहीत. तिसऱ्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता कोणी बोलत नाही. फ्रिज नाही, पडदे नाहीत. कुठे जायचं ते ठरलेली माणसं चालतात, तशी ती नुसती उतरत होती.

तळमजल्यावर गयाबाई शेवटची पायरी झाडत होत्या. त्यांनी खराटा उचलून अंग चोरलं. जिन्यात माणसांची गर्दी आली की झाडणारी बाई असंच करते. नजर जमिनीवर, एक हात पदराला. बऱ्याच वेळाने त्यांनी खराटा खाली टेकला आणि मग त्यांना दिसलं की जिन्यावर एकटे हिंदुराव उभे आहेत.

"मंग आत्ता गेली ती कोण?" त्या म्हणाल्या.

"कुठे गेली? बाहेर?"

गयाबाईंनी दाराकडे पाहिलं नाही. त्या आपल्या पायाखालच्या टाइलकडे बघत होत्या. तिथे जिना संपत होता. आणि पावलं अजून ऐकू येत होती, एका लयीत, पायरीमागून पायरी, खाली.

"ह्याला बेसमेंट आहे?"

"नाय. नदीचा पानी भरतंय म्हनून काढलाच नाय."

आवाज बारीक होत गेला. मग थांबला.

८

हिंदुराव तिथेच, शेवटच्या पायरीवर बसले. फोन अजून हातात होता. त्यांनी शलाका मॅडमना लावला.

"मॅडम, ॲक्रिलिकवाला हिंदुराव. त्या दिवशी आनंदाने विचारलं होतं. मध्येच दिवा विझला तर काय होतं?"

"डबा फुटला का काका?" मॅडम नेहमीसारख्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या. "काही होत नाही हो. उजेड गेला की पिल्लं फटीतून निघतात आणि सरळ तळाला उतरतात. घर करायचं असतं ना त्यांना. म्हणून आम्ही उजेड असतानाच डबा वर ओढतो."

"आणि तळाला गेली की?"

"मग संपलं. एकदा घर केलं की ती दिव्याकडे फिरकत नाहीत. कितीही मोठा लावा. का हो, काही झालं का?"

"नाही," हिंदुराव म्हणाले. "सहज."

गयाबाई खराटा टाकून केव्हाच निघून गेल्या होत्या. लॉबीत ऊन आलं होतं. बाहेर कोणीतरी बाइक धूत होतं. हिंदुराव गुडघ्यांवर बसले, मग हात टेकून वाकले आणि कान टाइलला लावला. टाइल गार होती. त्यांना आपल्याच रक्ताचा आवाज आला. पाणी असेल, त्यांनी ठरवलं. नदी जवळ आहे.

मग खाली, फार खाली, भांडं ठेवल्याचा आवाज झाला. दुसरं भांडं. फळीवर डबे लावल्याचा. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी. एक, मग दुसरी. तिसरी झाल्यावर कोणीतरी गॅस बंद केला.

हिंदुरावांनी मुठीने टाइल ठोकली. जोरात, पुन्हा पुन्हा, बोटांची सालं निघेपर्यंत. आणि मुलाचं नाव घेतलं, सुनेचं नाव घेतलं.

खाली आवाज थांबले.

"अहो," स्वप्नाली म्हणाली. फोनमधून नव्हे, टाइलखालून, अगदी घरातल्या आवाजात. "ऐकलंत का? वर कोणीतरी ठोकतंय."

"असू दे गं," जितेश म्हणाला. "वरचे लोक आहेत. त्यांचं काहीतरी चालूच असतं."

आणि ताटं मांडल्याचा आवाज आला.